कुंदाकाकू आणि ढोल्यांचा हौद

"दार उघडं आहे, पण त्याचा अर्थ आत या असा होत नाही."

कुंदाकाकू माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. येरवड्याला तुरुंगाच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या सोसायटीत मी नुकतीच राहायला आले होते, आणि पाण्याची मोटर किती वाजता लावतात एवढंच विचारायला समोरच्या दारात गेले होते. मी ओशाळून मागे वळले तर आतून दुसरं वाक्य आलं. "आता आलीच आहेस तर पायपुसण्यावर पाय पूस आणि ये."

ठेंगणा बांधा, करड्या केसांचा आवळून बांधलेला अंबाडा, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, कमरेला खोचलेला पदर. जन्म शुक्रवार पेठेतला, मंडईपासून हाकेच्या अंतरावरचा. त्यामुळे येरवड्यात दारात भाजीवाला येत असूनही दर आठवड्याला पिशवी घेऊन मंडईत जाणार म्हणजे जाणारच. सगळी नोकरी एका कॉलेजच्या कचेरीत, परीक्षेचे अर्ज घेण्याच्या खिडकीमागे गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्या खिडकीतूनच बोलत असल्यासारख्या वाटायच्या. कोणी घाईत आहे असं दिसलं की, "घाई होती तर काल यायचं होतं." कोणी दोनदा तेच विचारलं की, "पहिलं उत्तर आवडलं नाही का?"

त्यांचे यजमान प्रभाकरराव ढोले अगदी उलटे होते. मूळचे यवतमाळकडचे. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरीला म्हणून आले आणि इथलेच झाले, पण चाळीसेक वर्षं पुण्यात काढूनही बोलणं तिकडचंच राहिलं. मला जिन्यात गाठून म्हणायचे, "काहून वं, दिसून नाही राहिली बरेच दिवस?" मोठ्याने हसायचे. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी हॉलमध्ये भिंतभर लांबीचा काचेचा टँक बसवून घेतला होता, समुद्राच्या पाण्याचा. आत खडक, खडकांवर हाताच्या बोटांसारखे हलणारे मऊ प्रवाळ, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी आणि एक पिवळाजर्द मासा, ज्याचं नाव त्यांनी हळद्या ठेवलं होतं. जोडीतला मोठा मासा दाखवून ते मला सांगायचे, "हे बाई हाय. आन् हा बारका, तो बुवा. दोघात तिचंच चालते." मग काकूंकडे बघून हसायचे. काकू त्या टँकला "तुमचा तो हौद" म्हणायच्या आणि त्याच्याकडे न बघता समोरून ये-जा करायच्या.

त्या हौदाचं मूळ काकूंनीच एकदा मला सांगितलं. लग्नानंतर दोघं कोकणात हर्णैला गेली होती. ढोल्यांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. पँट दुमडून गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले ते हलेचनात. "मी खोलीवर गेले, आंघोळ केली, जेवले, परत आले, तरी हे तिथेच. मला वाटलं, चला, आता यांना इथेच ठेवून जावं लागणार."

हे त्या सांगत होत्या तेव्हा ढोलेकाका त्यांच्या मागे, हॉलमधल्या पलंगावर होते. उजवी बाजू गेलेली, तोंड किंचित वाकडं, डोळे टँककडे.

पक्षाघाताचा झटका आला तो सकाळी, दाढी करताना. इस्पितळातला मुक्काम लांबला. तेवढ्या दिवसांत काकू घरी फक्त कपडे बदलायला यायच्या. माशांना खायला घालायचं काम एका पुतण्याने घेतलं होतं, आणि मासे भुकेले दिसतात म्हणून त्याने त्यांना मूठमूठ घातलं. न खाल्लेलं अन्न खडकांत कुजलं. उन्हाळा होता, नळाला पाणी नव्हतं, तेव्हा टँकमध्ये आटलेल्या पाण्याच्या जागी त्याने टँकरचं पाणी ओतलं. बिचाऱ्याने मन लावून केलं सगळं.

काकांना घरी आणलं त्या दिवशी मी दाराशी होते. आतली खोली अरुंद, म्हणून पलंग हॉलमध्येच, टँकसमोर मांडला होता. त्यांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी समोर पाहिलं. काचेमागे खडक दिसतच नव्हते. सगळीकडे हिरवे केस उगवले होते, बोटभर लांब, पाण्याच्या प्रवाहाबरोबर डुलणारे. त्यांच्याखाली प्रवाळ मिटून गेलेले. काका बराच वेळ बघत राहिले आणि मग झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"काहून?"

वाचा गेलेल्या माणसाकडे कधी कधी एखादाच शब्द उरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ढोलेकाकांकडे हा उरला, त्यांच्या बोलीतला 'का'. पाणी हवं असलं तरी काहून, कूस बदलायची असली तरी काहून, आनंद झाला तरी काहून. पण त्या दिवशीचा तो खराच प्रश्न होता, कारण विचारताना ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. काकूंनीही नसावं. त्या म्हणाल्या, "शेवाळ आहे. निघतं. रडू नका, उशी ओली होतेय."

दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर चढून कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभ्या होत्या.

आयुष्यात त्या हौदाला बोट न लावलेली बाई. पण खिडकीमागे बसून नियम वाचायची सवय होती, ती कामाला आली. काकांच्या मोबाइलमध्ये समुद्री टँकवाल्यांचा एक ग्रुप होता. तिथे त्यांनी फोटो टाकून विचारलं, हे काय आहे आणि कसं जातं. लगेच उत्तरं आली. "ब्रो, हेअर अल्गी आहे." "ब्रो, फॉस्फेट चेक कर." "ढोले ब्रो, लाइट कमी कर." काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि टाइप केलं, "मी ब्रो नाही. मी ढोल्यांची बायको आहे. ते आजारी आहेत. एकाने बोला आणि नीट सांगा." ग्रुप गपगार झाला. मग अनिकेत नावाच्या खराडीतल्या एका मुलाने, आयटीत नोकरी करणाऱ्या, फोन करून सविस्तर सांगितलं: शेवाळाचं खाणं म्हणजे पाण्यात विरघळलेला मळ, नायट्रेट आणि फॉस्फेट. तो माशांच्या उरल्या अन्नातून येतो, नळाच्या पाण्यातून येतो. वरवर उपटून भागत नाही, त्याची शिदोरी तोडायला लागते.

कॅम्पातल्या एका दुकानदाराचा सल्ला वेगळा होता. "मॅडम, ही बाटली टाका, आठवड्यात सगळं साफ."

"सगळं म्हणजे मासेसुद्धा का?" काकूंनी विचारलं. त्याने बाटली परत कपाटात ठेवली.

मग त्यांचा रोजचा क्रम ठरला. सकाळी काकांचं अंग पुसणं, डायपर, मऊ भात, औषधं, फिजिओथेरपीवाला. आणि मधल्या फटीत हौद. आरओचं पाणी पिंपात भरून त्यात समुद्री मीठ ढवळायचं. टूथब्रशने खडक घासायचा आणि दुसऱ्या हाताने नळी धरून सुटलेलं शेवाळ बादलीत ओढून घ्यायचं. टूथब्रश त्या मंडईतून घाऊक आणायच्या. बाजारातून येताना माझ्या पिशवीत ठेवून म्हणायच्या, "जिन्यात लोक विचारतील, इतके दात कुणाला." बादल्या मोरीत ओतताना पाठीवर हात ठेवून दोन मिनिटं उभ्या राहायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, काहीतरी आठवतायत. तसं काही नसायचं, कंबर सरळ होत नसायची.

एकदा दुपारी त्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. शेजारी मिठाचं पोतं. मी विचारलं, "दमलात का हो काकू?"

"दमायलाही वेळ लागतो गं. तो नाहीये."

पोतं मी वर नेलं. त्या मागून कठड्याला धरून एकेक पायरी येत राहिल्या.

हे महिनोन्महिने चाललं आणि तरी शेवाळ हटेना. घासलं की चार दिवस खडक दिसायचा आणि पुन्हा कोवळी हिरवळ. परीक्षानळीत थेंब टाकून त्या पाण्याचा रंग पाहायच्या, रंग गडदच. "खायला मी चिमटीभर घालते. पाणी आरओचं. मग हे येतंय कुठून?" त्यांनी फॉस्फेट शोषून घेणारी तपकिरी खडी आणून पाण्याच्या वाटेत बसवली. पाणी दुपटीने बदलायला लागल्या. रंग किंचित फिका झाला, बस्स.

उत्तर सापडलं ते गुडघ्यामुळे. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मंडईत गेले होते. कांदे घेतानाच त्यांचा गुडघा भरून आला आणि आम्ही अर्ध्यातून परत फिरलो. जिना चढून दाराशी आलो तर आतून हसण्याचा आवाज. मी तो आवाज ओळखला आणि काकूंकडे पाहिलं. त्या दार ढकलून थांबल्या होत्या.

ढोलेकाकांची चाकाची खुर्ची टँकला टेकवलेली. त्यांना सांभाळायला ब्युरोतून आलेली मंगल शेजारी डबा धरून उभी. काका डाव्या हाताने डब्यातलं खाद्य उचलत होते आणि पाण्यावर सोडत होते. हळद्या त्यांच्या बोटांपाशी येऊन उसळी घेत होता, ती जोडी काचेला तोंड लावून उभी होती आणि काका हसत होते. अगदी पूर्वीसारखं, घसा फाडून.

मंगलने आम्हाला पाहिलं आणि डबा पाठीमागे नेला. "काकू, मागत्यात ओ ते. हात दाखवत्यात. एवढंसंच घातलंय."

"रोज?"

मंगलने मान खाली घातली. "तुमी बाहेर गेला का. आन् आंगोळीला गेला का."

काकूंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. डबा घेतला, झाकण लावलं आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

"काहून?" काका म्हणाले.

"काहून काय काहून? तुम्ही घालताय आणि मी खरवडतेय. किती महिने झाले, माहितीये का? हे बघा हात." त्यांनी दोन्ही पंजे त्यांच्यापुढे धरले. मिठाने बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. "मला काय आवड आहे याची?"

काकांनी हात पाहिले. मग मान वळवली, तोंड भिंतीकडे केलं. मी माझ्या हातातली त्यांची कांद्याची पिशवी तशीच घेऊन माझ्या घरी गेले, आणि नंतर पिशवी द्यायला जायचंही मला धाडस झालं नाही.

त्यानंतर त्या घरात फार शिस्त आली. डबा कुलपात. माशांना दिवसाआड मोजके दाणे. खडी बदललेली, पाणी चकचकीत. मंगलला ताकीद. आणि खरंच, बघता बघता शेवाळ विरळ झालं, पिवळं पडलं, झडून गेलं. खडक असा उघडा पडला की मला वाटलं, नवीन आणलाय. मी म्हटलं, "जिंकलात की काकू."

"हं," त्या म्हणाल्या. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. आताशा ते टँककडे बघत नव्हते. फिजिओथेरपीवाल्याने खुर्चीवर बसायला सांगितलं की डावा हात घट्ट मिटून घ्यायचे.

थोड्याच दिवसांनी वाळूवर तपकिरी शेंबडासारखं काहीतरी दिसायला लागलं. तारा सुटलेलं, तारांच्या टोकांना हवेचे बुडबुडे. काकूंनी नळीने ओढून काढलं. संध्याकाळपर्यंत परत. काच पुसली, वाळू धुतली, पाणी बदललं. ते वाढतच गेलं. शेवाळ खायला आणलेल्या गोगलगाई एकेक करून उलट्या पडल्या. प्रवाळांवर तपकिरी लगदा चढला. हिरवं होतं तेव्हा टँक निदान रानासारखा दिसायचा, हे रोग्याच्या घशासारखं होतं. मी पहिल्यांदाच काकूंना हौदासमोर नुसतं बसलेलं पाहिलं. ब्रश मांडीवर. मंगल आतून विचारत होती, भात किती लावू, आणि त्या उत्तर देत नव्हत्या.

मग त्यांनी अनिकेतला बोलावलं. तोवर तो फक्त फोनवर होता. रविवारी आला, पाठीला बॅग, दाढी, एकदम अदबीने चपला बाहेर काढून. त्याने पाणी तपासलं, नळ्या उजेडात धरल्या, पुन्हा तपासलं.

"काकू, नायट्रेट झीरो आहे. फॉस्फेट पण झीरो."

"मग चांगलं ना?"

"नाही ना. पाणी फारच क्लीन झालंय. हिरवं शेवाळ उपाशी मेलं, आणि त्याची जागा रिकामी झाली ती ह्यांनी घेतली. हे डायनो, एक प्रकारचे सूक्ष्म जीव. हे घासून जात नाहीत. पाणी बदललं की उलट वाढतात."

"उपाय सांग."

तो जरा चाचरला. "ती खडी काढून टाका. पाणी बदलणं बंद. आणि... खायला घाला. रोज. जरा जास्तच. हिरवं परत यायला लागलं की टच करू नका, येऊ दे. ते आलं की हे मागे हटतात."

काकूंनी चष्मा काढला. "म्हणजे आजवर मी जे केलं ते सगळं उलटं करायचं."

"सगळं नाही. पण..."

"बस. चहा टाकते." त्या उठल्या नाहीत. "मंगल, तू टाक गं. मला पाच मिनिटं काहीही करायचं नाहीये."

चहा झाला. अनिकेत कपबशी आत ठेवायला गेला तेव्हा काकू कपाटापाशी गेल्या, किल्ली फिरवली आणि डबा काढला. पलंगाच्या कडेवर बसल्या. काका भिंतीकडे तोंड करूनच होते.

"अहो," काकू म्हणाल्या. "तो मुलगा म्हणतोय खायला घाला. मला जमत नाही ते, माझा हात आखडतो. तुम्ही घाला."

काका वळले नाहीत. काकूंनी त्यांचा मिटलेला डावा हात उचलला, बोटं एकेक करून उलगडली आणि तळव्यावर थोडे दाणे ठेवले.

"माझं चुकलं म्हणणार नाही मी," त्या म्हणाल्या, "कारण शेवाळ होतंच. पण आता घाला. उरलेलं मी काढीन."

खुर्चीवर बसवून टँकपाशी नेईपर्यंत काकांनी ती मूठ सांभाळून धरली होती. हळद्या तळाशी एका खडकामागे निपचित होता. दाणे पडले. बऱ्याच वेळाने तो वर आला. काका हसले नाहीत, पण कपाळ काचेला टेकवून बघत राहिले. मी आणि अनिकेत दारातच उभे होतो. तो हळूच म्हणाला, "मी निघतो."

तपकिरी लगदा जायला बरेच दिवस लागले. पण गेला. आधी मागच्या काचेवर पोपटी धूर दिसला आणि काकूंनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. "बघ. आलं आपलं." पुढची काच त्या रोज पुसायच्या, प्रवाळांच्या बुंध्याशी ब्रश फिरवायच्या, मागच्या काचेवरचं हळद्याला चरायला सोडून द्यायच्या. मंडईतून टूथब्रश येतच राहिले. रोज सकाळी आणि दुपारी काका खायला घालायचे, प्रमाणाबाहेर घालायचे, आणि काकू मागून म्हणायच्या, "पुरे. पंगत नाही ती." "काहून?" "कारण बादल्या मी उचलते म्हणून."

कंबर पुढे त्यांची कायमचीच वाकली. त्यांचा भाऊ लोणी काळभोरला असतो. तो दर भेटीत म्हणायचा, ताई, काढून टाक हे, भावजींना टीव्ही लावून दे. त्या त्याला जेवायला वाढायच्या आणि विषय संपायचा.

दोन वर्षांनी, थंडीत, छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि काका गेले. घरीच, दुपारी. माणसं जमली. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या बायका हॉलमध्ये बसल्या होत्या आणि काकू मध्येच उठून स्टुलावर चढल्या, काच पुसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "अहो, आता कशाला हे?"

"माशांना कोणी कळवलेलं नाहीये अजून," त्या म्हणाल्या.

महिनाभराने त्यांनी अनिकेतला फोन केला, ये आणि घेऊन जा म्हणून. तो आणि त्याची बायको श्वेता बादल्या, पिशव्या, थर्माकोलची खोकी घेऊन आली. सकाळभर उपसाउपशी चालली. काकू खुर्चीवर बसून सूचना देत होत्या. "त्या पिवळ्याला खडकाशिवाय नेऊ नका, घाबरतो." "ती जोडी एकत्र ठेवा. मोठी आहे ती बाई." टँक रिकामा झाला, काचा फडक्यात बांधून खाली गेल्या. श्वेताने जाताना विचारलं, "काकू, तुम्हाला व्हिडिओ पाठवत जाऊ ना? सेट झाले की?"

"नको गं. मला मासे आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत."

श्वेताने उरलेली खोकी उचलली. ती दोघं गेल्यावर मी म्हटलं, "काकू, मग इतकं सगळं..."

"पोळ्या लाटायला तरी मला कुठे आवडतं?" त्या म्हणाल्या आणि ओल्या फरशीकडे बघत बसल्या. भिंतीवर टँकच्या आकाराचा पांढरा चौकोन उरला होता. मग पंजे बघत म्हणाल्या, "हात मात्र वाळले आज."

घर भाड्याने देऊन त्या भावाकडे लोणीला निघाल्या. सामान टेम्पोने आधीच गेलं होतं. बरोबर फक्त एक पिशवी. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. उन्हं चढली होती. तुरुंगाच्या भिंतीकडून रिक्षा येईपर्यंत त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या, पहिल्यांदाच मला कुणाची तरी आजी असाव्यात अशा दिसल्या. रिक्षा आली. मी पिशवी आत ठेवली, त्यांना दंडाला धरून बसवलं.

"पोचल्यावर कळवा हं काकू."

"नाही पोचले तर कळेलच," त्या म्हणाल्या.

रिक्षावाल्याने मीटर टाकलं आणि त्यांना काहीतरी विचारलं, सोलापूर रस्त्याने घेऊ का असं असेल. उत्तर आलं नाही. त्याने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कुंदाकाकूंनी मान मागे टेकवली होती, हात मांडीवर उघडे पडले होते आणि रिक्षा जागची हलण्याआधीच त्यांना झोप लागली होती.